अंगानं चढलेला घाट

पुकळेवस्तीवर एक नियम आहे. तो कुठं लिहिलेला नाही, म्हणूनच तो मोडायची कुणाची छाती होत नाही. घाट अंगानं चढायचा. म्हणजे असं, की या वस्तीवरची काही धनगर घराणी पिढ्यान्‌पिढ्या कुंभार्ली घाट उतरून कोकणात घोंगडी विकतात. कोणत्या घराण्याची कोणती गावं, हे आज्या-पणज्यांपासून ठरलेलं आहे. पूर्वी खांद्यावर गठळं टाकून चालत जायचे, पुढं सायकली आल्या. पण एसटीत बसून गेलेला किंवा टेम्पोत माल टाकून आलेला माणूस गावाचा धनी होत नाही. वैशाखात घाट उतरायचा, नवी घोंगडी द्यायची, घरोघरची जुनी फाटकी घोंगडी मागून घ्यायची, ती स्वतःच्या अंगाच्या बळावर घाट चढून वर आणायची आणि बिरोबापुढं पसरायची. पुजाऱ्यानं त्यांच्यावर भंडारा उधळला की ती गावं आणखी एका पावसाळ्यापुरती त्या घरची. एक पावसाळा चुकला की गावं मोकळी.

आता तुम्ही म्हणाल, रेनकोटच्या जमान्यात घोंगडं घेतं कोण? कोकणातला म्हातारा शेतकरी घेतो. लावणीला वाकलेल्या पाठीवरचं प्लास्टिक वाऱ्यानं उडतं, घोंगडं बसून राहतं. गिऱ्हाईक कमी झालं, विकणारी घरंही हाताच्या बोटांवर आली, पण नियम तसाच ताठ राहिला. नियमाचं असंच असतं. पाळणारे जितके कमी, तितका तो कडक.

हरणाबाईला हा नियम तोंडपाठ होता, कारण त्या नियमाच्या पोटऱ्यांना तिनं जन्मभर तेल चोळलं होतं. तिचा नवरा सिद्धू दर वैशाखात आपल्या सात गावांची फेरी करून यायचा. सगळे फेरीवाले एकाच दिवशी देवळापुढं जमायचे, लिंबाखाली पाय लांब करून बसायचे, आणि त्यांच्या बायका करडईच्या कोमट तेलाच्या वाट्या घेऊन त्यांच्या पोटऱ्या चोळायच्या. तीही रीतच. "लय चढ हुता गं औंदा," सिद्धू डोळे मिटून म्हणायचा. "पाय नुसतं दगड झाल्यात." हरणाबाईच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ती आणखी जोर लावायची.

गेल्या दिवाळीनंतर सिद्धू काविळीनं गेला. शिमगा झाला आणि वस्तीवरचे बाप्ये देवळापुढं बसले. सिद्धूचा धाकटा भाऊ नानासो मधोमध होता. नानासो बोलायला फार गोड. गोड बोलणाऱ्या माणसाला काय पाहिजे असतं, ते आपल्याला शेवटी कळतं.

"दादाची गावं म्या बगतो," तो म्हणाला. "वयनीनं सूत कातावं, घोंगडी म्या नेतो. वर्साचं धान्य तिच्या दारात आणून टाकीन. घरातली गावं घरातच ऱ्हातील."

माना डोलल्या. हरणाबाई बायकांच्या बाजूला डोक्यावर पदर घेऊन बसली होती. धान्याचं तिला काही वाटलं नाही. पण 'वयनीनं सूत कातावं' हे शब्द तिला बोचले. मेंढरं तिची, लोकर तिची, चरख्यावर वाकडी झालेली बोटं तिची, आणि घोंगडं नानासोचं. सात गावं गेली की ती स्वतःच्या घरात दिराची कामकरीण होणार होती. ते तिला मरेपर्यंत नको होतं.

ती उभी राहिली. "गावं माजी हायती. म्या जानार."

"आवं वयनी, घाट अंगानं चढाय लागतो."

"चढीन की."

"सायकल येती?"

"न्हाई."

बाप्ये हसले. एकजण हसता हसता खोकायला लागला.

"येत न्हाई तर शिकीन," हरणाबाई म्हणाली. "तुमी काय आईच्या पोटातनं सायकलवर बसून आला हुता?"

यावर ती आईच हसली. सिद्धू-नानासोची म्हातारी आई, बनुबाई, बायकांत पुढंच बसली होती. तिच्या हसण्यानं नानासोचा चेहरा उतरला. पुजाऱ्यानं निवाडा दिला. फेरीवाले जमायच्या दिवशी सात गावांची जुनी घोंगडी देवापुढं पडली तर गावं हरणाबाईची, नाही पडली तर नानासोची. घोडामैदान जवळच होतं.

हरणाबाईची मुलगी अपेक्षा विट्याला कॉलेजात शिकत होती. तिची शाळेतली निळी सायकल अजून पडवीत होती. आटलेल्या तलावाच्या तळात, जिथं पडलं तरी मऊ मातीत पडावं, तिथं लेकीनं आईला शिकवायला सुरुवात केली. हरणाबाई जन्मभर बिऱ्हाडाच्या घोड्यामागं चाललेली बाई. तोल गेला की ती लगाम ओढल्यासारखं हँडल स्वतःकडं ओढायची आणि "हो, हो, हो" म्हणून सायकलीला थांबायला सांगायची. सायकल काही ऐकायची नाही. दोघी मिळून आडव्या व्हायच्या.

"आई, ती घोडी न्हाई. बिरेक दाब," अपेक्षा ओरडायची.

"दाबते की. पर आदी तोंडानं सांगाय नगं?"

पाचवारी साडी चेनमध्ये अडकून दोनदा फाटली. शिवाय खरी फेरी करायची ती सिद्धूच्या काळ्या सायकलवर, आणि तिला मधे दांडी. तेव्हा बनुबाईनं आपल्या पेटीतलं हिरवं नऊवारी काढलं आणि सुनेला समोर उभं करून घट्ट कासोटा घालून दिला. गुडघ्यापर्यंत पाय मोकळे झाले.

"ह्या लुगड्यानं घाट लय येळा बगितलाय," म्हातारी म्हणाली. "मेंढरं घिऊन जायचो तवा. वाट त्येला ठावं हाय."

वस्तीवरची पोरं तलावाच्या काठावर बसून टाळ्या पिटायची. नानासो एकदा मेंढरांच्या निमित्तानं येऊन बघून गेला आणि सगळीकडं सांगत सुटला, की वयनी सायकलवर बसत नाही, सायकल वयनीवर बसती. हरणाबाईनं ते ऐकलं. तिनं गुडघ्यावर हळद दाबली आणि पुन्हा टांग टाकली. चैत्र संपेपर्यंत ती पडायची बंद झाली होती. उतरायची मात्र अजून उडी मारूनच.

वैशाख लागला तशी ती निघाली. घोंगडी विणणाऱ्या सणगराच्या मागावरून आली होती, चिंचोक्याची खळ खाऊन पत्र्यासारखी ताठ झाली होती. ती बांधायला बसली आणि तिथं एक चूक करून बसली. घोड्यावर बिऱ्हाड लादतात तसं तिनं घोंगड्यांचं ओझं लादलं. दोन्ही बाजूंना सारखं वजन, खाली लोंबतं, सगळं मागच्या अंगाला. असं बांधलेलं ओझं घोड्यावरून जन्मात हललं नव्हतं. वस्तीवरचे सायकलवाले बघत होते, पण सांगितलं कुणी नाही. नानासोनं तर "झ्याक बांधलंय" म्हणून दाद दिली.

खानापूरच्या पठारावर चढताना ते झ्याक कळलं. लोंबत्या गठळ्यांना टाचा अडकत होत्या आणि चढ लागला तसं सायकलीचं पुढचं चाक जमीन सोडून वर उचललं. घोडा मागचं ओझं जड झालं की मान खाली घालतो. सायकलीला मान कुठली. हरणाबाई रस्त्याकडेला फतकल मारून बसली, गठळी सोडली आणि सिद्धूच्या नावानं, नानासोच्या नावानं आणि सायकल करणाऱ्याच्या नावानं शिव्या दिल्या. मग विचार केला. अर्धं ओझं हँडलवर आणि दांडीच्या पोकळीत घातलं, उरलेलं मागं उंच बांधलं. चाक जमिनीवर राहिलं. तिला एवढा आनंद झाला, की नानासोनं मुद्दाम सांगितलं नाही याचा राग तिनं पुढच्या चढासाठी ठेवून दिला. राग चढाला उपयोगी पडतो, हे तिला तिथं कळलं.

विटा, कराड, पाटण अशी मजल दरमजल करत ती कोयनानगरला पोचली. वसाहतीत सिद्धूच्या ओळखीचं एक घर होतं, तिथं पथारी टाकली. पहाटे मांडणीवरची भांडी खुळखुळली. हरणाबाई दचकून उठली तर घरची बाई कूस बदलून म्हणाली, "झोपा, भूकंपाचा धक्का, नेहमीचंच आहे." आणि सकाळी घाट समोर उभा राहिला.

उतार चढापेक्षा वाईट. ओझं मागून ढकलतं, वळण पुढून ओढतं. ब्रेकचे रबर जळाल्याचा वास यायला लागला तेव्हा ती उतरली आणि मागच्या चाकावर सगळं अंग टाकून, टाचा रोवत, सायकल धरून चालायला लागली. ट्रकवाले खिडकीतून वाकून बघत होते. नऊवारी, कासोटा, काळी सायकल, घोंगड्यांचा डोंगर. एकानं विचारलं, "मावशी, कुठं निघालीस?" ती म्हणाली, "माज्या गावाला." आणि खोटं काहीच नव्हतं.

सात गावांत तिला आधी कुणी ओळखलं नाही. मग सायकल ओळखली. एका वाडीतल्या म्हातारीनं सायकलीच्या दांडीवर हात ठेवला आणि विचारलं, "सिद्धू नाय आला?" हरणाबाईनं मान हलवली. म्हातारी सगळं समजली. तिनं आतून गूळपाणी आणलं आणि माळ्यावरचं जुनं घोंगडं काढून दिलं. त्याच्या किनारीला लाल दोरा होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हौसेनं हरणाबाईनं तो काठ घातला होता. एवढी वर्षं, एवढे पावसाळे, आणि दोरा अजून लाल. ती म्हातारीच्या अंगणात बसून मनसोक्त रडली. रडून झाल्यावर तिनं म्हातारीला नवं घोंगडं पांघरवून दाखवलं, डोक्यावरून खोळ कशी बसते ते बघितलं आणि पुढच्या वाडीला निघाली. सातही गावांत घोंगडी गेली. सातही गावांची जुनी घोंगडी सायकलीवर चढली.

आता उरला घाट.

घाटाच्या पायथ्याला पोफळीजवळ एक चहाची टपरी आहे. नाथाजी नावाचा पाटणकडचा माणूस ती चालवतो. हरणाबाईनं सायकल टेकवली तसा नाथाजी बाहेर आला, सायकलीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "ही सिद्धूआण्णाची. तुमी घरच्या?"

"व्हय."

"कळलं मला आण्णाचं. लय वाईट झालं." त्यानं चहा ओतला. "बसा. आर्ध्या तासात ट्रक येतोय, ठरल्याप्रमानं सायकल वर टाकतो. आज गावला तर गावला. उद्यापासनं घाटात रस्त्याचं काम हाय, मोठ्या गाड्या बंद."

हरणाबाईला वाटलं, हा माणूस दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय. "कसला ट्रक?"

"वर जायला. आण्णा दरसाल हितंच बसायचा की, ह्याच बाकड्यावर. ट्रक आला की आर्धा चहा टाकून पळायचा. वर हेळवाकला उतरायचा, तोंडावर पानी मारायचा, मग सायकलवर बसून ऐटीत म्होरं. आन त्योच का, तुमच्याकडचं समदंच. नानासो तर परवाच गेला. मोकळ्या ट्रकातनं, घोंगड्यावर झोपून."

हरणाबाईच्या हातातला ग्लास तसाच राहिला. तिला आधी काही कळेना. मग हळूहळू कळत गेलं, आणि कळल्यावर अंगाची लाही लाही झाली. पाय नुसतं दगड झाल्यात. कुठले दगड? ट्रकात झोपून मुंग्या आलेले पाय. आणि त्या पायांना तिनं, वर्षामागून वर्ष, हाताची सालं निघेपर्यंत तेल चोळलं. वर पुन्हा रडली. नियम कडक, घाट अंगानं चढायचा, बाईमाणसाचं काम नव्हे, आणि सगळे बाप्ये ओळीनं ट्रकात!

"मेल्या," ती म्हणाली. मेलेल्या माणसाला मेल्या म्हटल्याचं लक्षात आल्यावर तिला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरले. नाथाजी बावरून फडकं हातात घेऊन उभा राहिला. तिला सिद्धूचा भयंकर राग आला होता, आणि तो समोर असता तर त्याच क्षणी मिठी मारावी इतका तो आठवतही होता.

ट्रक आला. ड्रायव्हरनं मागचा फाळका पाडला. नाथाजीनं सायकलीच्या मागच्या चाकाला हात घातला.

तेव्हा हरणाबाईला मोह झाला नाही असं कुणी म्हणू नये. उजवा गुडघा सुजला होता. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. ट्रकात बसली असती तर पुकळेवस्तीवर कुणाला कळलं नसतं, आणि कळलं असतं तरी बोलायचं तोंड कुणाला होतं? सगळेच त्या ट्रकातले. जुनी घोंगडी देवापुढं पडली असती, भंडारा उधळला असता, गावं तिची झाली असती. पण ती चोरीची झाली असती. मग वर्षानुवर्षं लिंबाखाली बसून तीही डोळे मिटून म्हणत राहिली असती, लय चढ होता औंदा. आणि नानासोच्या नजरेला नजर मिळाली की दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं असतं. नानासोबरोबरचा तो सोयरसंबंध तिला नको होता.

"चाकाला हात लावू नगंस," ती म्हणाली.

"आवं, उद्या गाडी न्हाई."

"मला गाडी नगंच हाय. लबाडांनी एवडी वर्सं घाट चढला. आता येकदा खरोखर चढू दे कुनीतरी."

ट्रक गेला. तिनं टपरीच्या मागं पथारी टाकली आणि उजाडताच सायकल घाटाला लावली.

मोठ्या गाड्या बंद असल्यानं सगळा रस्ता तिचा होता. जिथं चढ निवळायचा तिथं बसून पायडल मारायची, जिथं उभा व्हायचा तिथं ढकलायची. मेंढरं डोंगर चढताना कधी सरळ चढत नाहीत, तिरकी जातात. तिनंही रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरकं जायला सुरुवात केली. दम लागला की मागच्या चाकाखाली दगड लावायचा, करवंदाच्या जाळीत हात घालून मूठभर करवंदं खायची, दगड काढून पुन्हा निघायचं. ऊन वर आलं. घामानं लुगडं पाठीला चिकटलं. आणखी वर गेल्यावर एका वळणावर सायकल मागं मागं सरकायला लागली. हरणाबाई तिच्याबरोबर फरफटली. दगड हाताशी नव्हता. तिनं सरळ स्वतःचा पाय चाकाखाली घातला. सायकल थांबली. पायाला काय झालं ते बघायला ती वाकली नाही, कारण वाकली असती तर उठली नसती.

तेवढ्यात खालून एक मुलगी आली. डोक्याला हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, पिसासारखी हलकी सायकल. साताऱ्याची अंकिता. सुट्टीत घाट चढायला आली होती, हौसेनं. ती उतरली आणि तिनं आधी चाकामागं दगड लावला, मग पाण्याची बाटली पुढं केली.

"काकू, तुमच्या सायकलला गिअर नाही?"

"न्हाई बाई. म्याच हाय."

अंकिता हसली. ओझ्याकडं बघून तिनं कानाला हात लावला. "मी लडाखच्या खिंडीत चढलेय, हिमालयात. तिथं श्वास पुरत नाही. पण एवढं ओझं नव्हतं माझ्याकडं. तरी रडले होते मी. सायकल ढकलत रडले."

"रडत चढलीस का रडून माघारी फिरलीस?"

"रडत चढले."

"मग झालं तर," हरणाबाई म्हणाली आणि दगड काढला.

अंकिता ढकलू लागणार होती, पण हरणाबाईनं तिला हात लावू दिला नाही. "आज न्हाई लेकी. पुना कवातरी ढकल." मग ती मुलगी आपली हलकी सायकल हातात धरून तिच्या बाजूनं चालत राहिली. बोलायला दम नव्हता. एकदाच अंकिता म्हणाली, की वळण आतून घेऊ नका, आतून चढ उभा असतो, बाहेरून लांब पडतं पण सोपं. हरणाबाईनं तसं केलं आणि खरंच सोपं गेलं.

माथ्यावर वारा लागला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. खाली कोकण धुरकट दिसत होतं. हरणाबाईनं सायकल कठड्याला टेकवली, कंबरेवर हात ठेवले आणि घाटाकडं बघितलं. "काय रं," ती घाटाला म्हणाली, "हुतास का एवडाच?" मग मात्र ती मटकन खाली बसली आणि बराच वेळ बसून राहिली. नवऱ्याचं गुपित तिनं तिथंच मनात पुरलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. माणूस लबाड होता, पण तिचा होता. वस्तीपुढं त्याची लाज काढायची नाही, हे तिनं ठरवलं.

फेरीवाले जमायच्या दिवशी दुपारी ती पुकळेवस्तीवर शिरली. लंगडत, पण सायकलीवरून. लिंबाखाली बाप्ये पाय लांब करून बसले होते. नानासोची बायको चंद्राबाई त्याच्या पोटरीला तेल चोळत होती आणि नानासो डोळे मिटून चढ किती उभा होता ते सांगत होता. सायकलीचा आवाज आला तसे त्याचे डोळे उघडले.

तिनं कुणाशी बोलण्याआधी जुनी घोंगडी सोडली आणि देवापुढं पसरली. सातही गावांची. लाल दोऱ्याचं सगळ्यात वर. पुजाऱ्यानं भंडाऱ्याची मूठ भरली.

"थांबा," नानासो म्हणाला. "वयनी, घाट कवा चढला?"

"गुरवारी."

"खोटं." तो उठूनच उभा राहिला. आता याला कसं पकडलं, असा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता. "बिरोबापुढं खोटं बोलू नगा. म्या त्याच वाटंनं आलोय, मला म्हाइती हाय. गुरवारपासनं घाटात मोठ्या गाड्या बंद हायती. येक ट्रक वर सोडत न्हाईत. मग तुमी वर आला कशा?"

लिंबाखालचे बाकीचे बाप्ये एकदम आपापल्या पायांच्या बोटांकडं बघायला लागले. चंद्राबाईचा तेलाचा हात हवेतच राहिला. आपण काय बोललो ते नानासोला सगळ्यात शेवटी कळलं.

हरणाबाईनं मूठ झाकलेलीच ठेवली होती. ती त्यानं स्वतःच्या हातानं उघडली होती.

"अंगानं आले भावजी," ती म्हणाली. "बसले कमी, ढकलली लय. पर अंगानं. तुमी कसं येता?"

बनुबाई काठी टेकत उठली. तिनं धाकट्या लेकाकडं बघितलं, मग लिंबाखालच्या ओळीकडं बघितलं. तिचा नवरा, सासरा, सगळे याच लिंबाखाली बसलेले तिनं पाहिले होते. आता ती कोणाकोणाला आठवत होती कोण जाणे.

"चोराच्या मनात चांदनं," ती म्हणाली. "नान्या, पाय आवर." आणि पुजाऱ्याकडं वळून, "तुमी काय बगताय? टाका की भंडारा."

पुजाऱ्यानं भंडारा उधळला. सात गावांची घोंगडी पिवळी झाली. बायकांच्या बाजूनं कुणीतरी चांगभलं म्हटलं आणि बाकीच्यांनी ते उचललं. बाप्यांचा आवाज बराच उशिरा आला.

हरणाबाई लिंबाच्या बुंध्याला टेकली. आता तिचे पाय खरोखर दगड झाले होते आणि चाकाखाली घातलेलं पाऊल सुजून लाल पडलं होतं. फेरीवरून आलेल्याला तेल लावायची रीत होती, पण ते लावायचं बायकोनं. तिला कोण लावणार? अपेक्षा पुढं होणार तोच चंद्राबाई उठली. नानासोचा एक पाय तेलानं चमकत होता, दुसरा कोरडाच होता. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. वाटी उचलली, सगळ्या बाप्यांमधून चालत आली आणि जावेच्या पायाशी बसली.

"आक्का," ती म्हणाली, "पाय लांब करा."

इतकी वर्षं हरणाबाई या झाडाखाली फक्त पाय दुमडून बसली होती. तिनं लुगडं वर सारलं आणि सगळ्या वस्तीसमोर दोन्ही पाय लांब केले.